विरोधी बहुमत आणि नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष : अमेरिकेच्या ९१व्या काँग्रेसचा एक अभ्यास (१९६९-१९७१)

प्रस्तावना

अध्यक्षीय शासनपद्धतीत कार्यकारी मंडळ आणि विधिमंडळ यांची निवड स्वतंत्रपणे होते. त्यामुळे मतदारांनी राष्ट्राध्यक्षपद एका पक्षाकडे आणि विधिमंडळातील बहुमत दुसऱ्या पक्षाकडे सोपविणे शक्य असते. संसदीय पद्धतीत कनिष्ठ सभागृहाचा विश्वास गमावलेल्या मंत्रिमंडळाला पायउतार व्हावे लागते. अध्यक्षीय पद्धतीत मात्र राष्ट्राध्यक्ष आपली मुदत पूर्ण करतो आणि विरोधी बहुमतही आपल्या जागी कायम राहते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत राज्यघटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच दोन पद्धतींची तुलना केली होती. अमेरिकन पद्धती अधिक स्थैर्य देते, तर संसदीय पद्धती अधिक उत्तरदायित्व देते, आणि मसुद्याने उत्तरदायित्वाला प्राधान्य दिले आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. भारतात अध्यक्षीय पद्धतीची चर्चा अधूनमधून होत आली आहे. म्हणूनच विरोधी बहुमताला सामोरे जाणारे 'स्थिर' कार्यकारी मंडळ प्रत्यक्षात कसे काम करते, हा प्रश्न आपल्याकडील अभ्यासकांनाही महत्त्वाचा वाटावा.

अशा विभाजित सत्तेचा परिणाम म्हणजे कोंडी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जेम्स संडक्विस्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा धोका आग्रहाने मांडला. याउलट डेव्हिड मेह्यू यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'डिव्हायडेड वुई गव्हर्न' या ग्रंथात १९४६ ते १९९० या काळाचा आढावा घेऊन असे दाखविले की, महत्त्वाच्या कायद्यांची संख्या विभाजित सत्तेच्या काळात फारशी घटत नाही. प्रस्तुत लेखात ३ जानेवारी १९६९ ते ३ जानेवारी १९७१ या काळातील ९१व्या काँग्रेसच्या आधारे या वादाचा विचार केला आहे. (येथे 'काँग्रेस' ही संज्ञा अमेरिकेच्या द्विगृही विधिमंडळासाठी वापरली आहे.) कायदे किती झाले, या प्रश्नापेक्षा या दोन वर्षांत विधिमंडळाने स्वतःचे कोणते अधिकार वापरले आणि कोणते स्वतःहून सोडून दिले, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पक्षीय बलाबल आणि त्याचे वास्तव स्वरूप

१९६८ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन यांना ४३.४ टक्के, डेमोक्रॅटिक पक्षाचे ह्यूबर्ट हम्फ्री यांना ४२.७ टक्के आणि स्वतंत्रपणे उभे राहिलेले जॉर्ज वॉलेस यांना १३.५ टक्के मते मिळाली. निक्सन यांचा विजय निसटता होता आणि त्यांच्या पक्षाला दोन्ही सभागृहांपैकी एकातही बहुमत मिळाले नाही. प्रतिनिधिगृहात २४३ डेमोक्रॅटिक आणि १९२ रिपब्लिकन, तर सिनेटमध्ये ५७ डेमोक्रॅटिक आणि ४३ रिपब्लिकन असे बलाबल होते. दोन्ही सभागृहे विरोधी पक्षाच्या हाती असताना पहिल्या कारकिर्दीस प्रारंभ करण्याचा प्रसंग यापूर्वी १८४९ साली झॅकरी टेलर यांच्यावर आला होता. म्हणजे सुमारे एकशे वीस वर्षांनंतर ही परिस्थिती पुन्हा निर्माण झाली होती.

परंतु केवळ या आकड्यांवरून काँग्रेसचे स्वरूप कळत नाही. डेमोक्रॅटिक पक्ष त्या वेळी एकसंध नव्हता. उत्तरेकडील उदारमतवादी आणि दक्षिणेकडील पुराणमतवादी असे त्याचे दोन प्रवाह होते. समित्यांची अध्यक्षपदे ज्येष्ठतेनुसार मिळत असल्याने आणि दक्षिणेतील सदस्य वर्षानुवर्षे निवडून येत असल्याने महत्त्वाच्या समित्या त्यांच्याकडेच होत्या. सिनेटमध्ये संरक्षण समितीचे जॉन स्टेनिस, विनियोजन समितीचे रिचर्ड रसेल, अर्थ समितीचे रसेल लाँग आणि न्याय समितीचे जेम्स ईस्टलंड हे सर्व दक्षिणेतील होते. प्रतिनिधिगृहात करविषयक समितीचे विल्बर मिल्स आणि संरक्षण समितीचे मेंडेल रिव्हर्स यांचे स्थानही तसेच होते. दुसरीकडे रिपब्लिकन पक्षातही जॉन शेर्मन कूपर, मार्क हॅटफिल्ड यांच्यासारखे मध्यममार्गी आणि उदारमतवादी सदस्य होते. परिणामी निक्सन यांना विरोधी पक्षातून मते मिळू शकत होती आणि स्वपक्षातून विरोधही होऊ शकत होता. या काळातील जवळजवळ प्रत्येक निर्णायक मतदानाचा उलगडा या वस्तुस्थितीतून होतो.

कायदेनिर्मिती : स्पर्धेतून झालेले सहकार्य

या काँग्रेसच्या काळात ६९५ सार्वजनिक कायदे संमत झाले. संख्येपेक्षा त्यांचा आशय अधिक बोलका आहे. २८ जानेवारी १९६९ रोजी, म्हणजे निक्सन यांच्या शपथविधीनंतर आठच दिवसांनी, कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील किनाऱ्यालगतच्या तेलविहिरीतून गळती सुरू झाली आणि पर्यावरणाचा प्रश्न राष्ट्रीय चर्चेत अग्रस्थानी आला. सिनेटर हेन्री जॅक्सन यांनी पुढाकार घेतलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यानुसार पर्यावरणावर लक्षणीय परिणाम करणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या केंद्रीय कृतीपूर्वी तिच्या परिणामांचे विवरण तयार करणे बंधनकारक झाले. या कायद्यातील स्वतंत्र सल्लागार मंडळाची कल्पना प्रशासनाला आरंभी मान्य नव्हती. तरीही १ जानेवारी १९७० रोजी निक्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि नव्या दशकातील आपली पहिली अधिकृत कृती म्हणून तिचा गौरव केला.

येथे एक महत्त्वाची प्रक्रिया दिसते. पर्यावरणाच्या प्रश्नाचे श्रेय विरोधकांकडे जाऊ नये, अशी राष्ट्राध्यक्षांची इच्छा होती. तर सिनेटर एडमंड मस्की यांच्याकडे १९७२ च्या निवडणुकीतील संभाव्य उमेदवार म्हणून पाहिले जात असल्याने त्यांनाही मागे राहून चालणार नव्हते. प्रशासनाने १९७० च्या आरंभी स्वच्छ हवेविषयीचा आपला प्रस्ताव मांडला. मस्की यांच्या उपसमितीने त्याहून कितीतरी कठोर मसुदा तयार केला. मोटारींच्या धुरातील प्रमुख प्रदूषके १९७५-७६ पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करण्याची अट त्यात होती. सिनेटने हे विधेयक ७३ विरुद्ध ० मतांनी संमत केले आणि ३१ डिसेंबर १९७० रोजी त्याचे कायद्यात रूपांतर झाले. पक्षीय चढाओढ येथे कायद्याच्या मार्गातील अडसर ठरली नाही. उलट तिनेच कायदा अधिक कठोर केला.

कामगारांच्या सुरक्षिततेच्या कायद्याचा मार्ग वेगळा होता. सुरक्षिततेचे निकष कोणी ठरवायचे, मजूरमंत्र्यांनी की स्वतंत्र मंडळाने, यावर दोन्ही पक्षांत तीव्र मतभेद होते. अखेर निकष मजूरमंत्र्यांनी ठरवावेत आणि दंडाविरुद्धच्या तक्रारी स्वतंत्र आयोगाने ऐकाव्यात, अशी तडजोड झाली व २९ डिसेंबर १९७० रोजी कायद्यावर स्वाक्षरी झाली. टपालखात्याची पुनर्रचना आणि संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा हेही याच वर्षात आले.

मतदान हक्क कायद्याची मुदतवाढ हा या दोन वर्षांतील आणखी एक लक्षणीय प्रसंग होय. १९६५ च्या कायद्यातील दक्षिणेला विशेषत्वाने लागू होणाऱ्या तरतुदी सौम्य करण्याचा प्रशासनाचा प्रस्ताव डिसेंबर १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने अवघ्या काही मतांच्या फरकाने स्वीकारला. सिनेटने मात्र मूळ तरतुदी पुन्हा समाविष्ट केल्या आणि शिवाय मतदानाचे वय अठरा करण्याचे कलम जोडले. २२ जून १९७० रोजी निक्सन यांनी या कलमाच्या घटनात्मकतेविषयी शंका नोंदवूनही स्वाक्षरी केली. डिसेंबर १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम केंद्रीय निवडणुकांपुरते वैध आणि राज्यांच्या निवडणुकांबाबत अवैध ठरविले. त्यातून उद्भवलेली अडचण १ जुलै १९७१ रोजी मंजुरी पूर्ण झालेल्या २६व्या घटनादुरुस्तीने दूर झाली.

न्यायाधीशांच्या नियुक्त्या : सिनेटचा नकार

मे १९६९ मध्ये न्यायमूर्ती एब फोर्टास यांनी राजीनामा दिल्याने सर्वोच्च न्यायालयात एक जागा रिक्त झाली. निक्सन यांनी प्रथम दक्षिण कॅरोलिनातील क्लेमेंट हेन्सवर्थ यांचे नाव सुचविले. ज्या कंपन्यांशी आपले आर्थिक हितसंबंध होते त्यांच्याशी निगडित खटल्यांत त्यांनी भाग घेतला, हा आक्षेप, तसेच कामगार व नागरी हक्क संघटनांचा विरोध यांमुळे २१ नोव्हेंबर १९६९ रोजी सिनेटने ५५ विरुद्ध ४५ मतांनी हे नाव फेटाळले. विरोधात मत देणाऱ्यांत सतरा रिपब्लिकन होते. १९३० नंतर सर्वोच्च न्यायालयासाठी सुचविलेले नाव मतदानाने फेटाळले जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्यानंतर सुचविलेल्या हॅरल्ड कार्सवेल यांच्याबाबत १९४८ सालच्या प्रचारातील त्यांचे वर्णवर्चस्वाचे समर्थन करणारे भाषण उजेडात आले आणि न्यायाधीश म्हणून त्यांच्या गुणवत्तेविषयीही प्रश्न उपस्थित झाले. निक्सन यांनी सिनेटर विल्यम सॅक्स्बी यांना लिहिलेल्या पत्रात नियुक्तीचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा असून सिनेट त्यावर अतिक्रमण करीत आहे, अशा आशयाची भूमिका घेतली. वस्तुतः घटनेनुसार ही नियुक्ती सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने करावयाची असते. या पत्राने सिनेटच्या संस्थात्मक अस्मितेलाच डिवचले. ८ एप्रिल १९७० रोजी कार्सवेल यांचे नाव ५१ विरुद्ध ४५ मतांनी नाकारले गेले. पुढील महिन्यात हॅरी ब्लॅकमन यांच्या नावाला मात्र ९४ विरुद्ध ० मतांनी संमती मिळाली. सिनेटचा आक्षेप राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाला नव्हता, तर विशिष्ट व्यक्तींना होता, हे या एकमुखी मतदानातून सिद्ध होते.

खर्च आणि नकाराधिकार

१९६९ व १९७० मध्ये महागाईचा दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास होता. शिक्षण, आरोग्य आणि मजूर खात्यांसाठी काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांच्या मागणीपेक्षा शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मंजूर केली. २६ जानेवारी १९७० रोजी निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर राष्ट्राला उद्देशून भाषण करताना प्रेक्षकांसमक्षच नकाराधिकाराच्या दस्तऐवजावर स्वाक्षरी केली. हा नकाराधिकार मोडून काढण्यासाठी प्रतिनिधिगृहात २२६ विरुद्ध १९१ असे मतदान झाले. बहुमत विरोधकांच्या बाजूने असले तरी आवश्यक दोन-तृतीयांश मतांपासून ते बरेच दूर राहिले. मात्र जून १९७० मध्ये रुग्णालयांच्या बांधकामाच्या अनुदानावरील नकाराधिकार दोन्ही सभागृहांनी मोडून काढला. प्रत्येक मतदारसंघात रुग्णालयाची गरज असल्याने तेथे पक्षभेद शिल्लक राहिला नाही.

युद्धाचा प्रश्न : उशिरा आलेली जाग

या काँग्रेसपुढील सर्वात गंभीर प्रश्न व्हिएतनाम युद्धाचा होता. एप्रिल १९६९ मध्ये तेथे सुमारे ५ लाख ४३ हजार अमेरिकन सैनिक होते आणि त्या एका वर्षात साडेअकरा हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. व्हिएतनामी जनतेची हानी त्याहून कितीतरी मोठी होती. युद्धाची घोषणा करण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिला आहे; परंतु काँग्रेसने ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखाताविषयीचा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत करून राष्ट्राध्यक्षांना मोकळीक दिली होती. तेव्हा राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसमधील बहुमत एकाच पक्षाचे होते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे.

२५ जून १९६९ रोजी सिनेटने ७० विरुद्ध १६ मतांनी असा ठराव केला की, परकीय राष्ट्रास लष्करी साह्याचे वचन केवळ राष्ट्राध्यक्षांच्या कृतीने देता येणार नाही. हा ठराव बंधनकारक नव्हता. ६ ऑगस्ट १९६९ रोजी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या प्रश्नावर सिनेटमध्ये ५०-५० अशी समसमान मते पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी आपले मत प्रशासनाच्या बाजूने टाकले. दक्षिणेतील डेमोक्रॅटिक सदस्य स्टेनिस हे या चर्चेत रिपब्लिकन प्रशासनाचे प्रमुख समर्थक होते.

३० एप्रिल १९७० रोजी निक्सन यांनी कंबोडियात सैन्य पाठविल्याचे जाहीर केले. त्याविरोधात विद्यापीठांत निदर्शने झाली आणि ४ मे रोजी ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. रिपब्लिकन कूपर आणि डेमोक्रॅटिक फ्रँक चर्च यांनी संयुक्तपणे मांडलेल्या दुरुस्तीनुसार कंबोडियातील लष्करी कारवाईसाठी निधी रोखला जाणार होता. प्रदीर्घ चर्चेनंतर ३० जून रोजी सिनेटने ती ५८ विरुद्ध ३७ मतांनी संमत केली. परंतु प्रतिनिधिगृहाने ती मान्य केली नाही. वर्षाअखेरीस केवळ भूदलाच्या वापरावर बंदी घालणारे सौम्य रूप कायद्यात समाविष्ट झाले. हवाई हल्ल्यांवर त्याचा परिणाम झाला नाही. १९७१ च्या अखेरीपर्यंत सर्व सैन्य परत आणण्याची मॅकगव्हर्न-हॅटफिल्ड दुरुस्ती १ सप्टेंबर १९७० रोजी ५५ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळली गेली.

टोंकिन ठराव रद्द करण्याचा निर्णयही याच काळात झाला आणि जानेवारी १९७१ मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. तथापि सरसेनापती या नात्याने आपल्याला सैन्याच्या रक्षणाचा अधिकार आहेच, अशी भूमिका प्रशासनाने घेतली होती. जो अधिकार एका ठरावाने सहज दिला गेला, तो दुसऱ्या ठरावाने तितक्याच सहजपणे परत घेता आला नाही.

प्रतिनिधिगृहाच्या मौनामागे कार्यपद्धतीचेही कारण होते. दुरुस्त्यांवर तेथे नावांची नोंद न होता मतदान होत असे. त्यामुळे आपल्या प्रतिनिधीने कोणती भूमिका घेतली, हे मतदारांना कळत नसे. २६ ऑक्टोबर १९७० च्या विधिमंडळ पुनर्रचना कायद्याने अशा मतदानाची नोंद करण्याची तरतूद केली. हा कायदा फारसा गाजला नाही; परंतु पुढील वर्षांत युद्धविषयक मतदानात प्रतिनिधी उत्तरदायी ठरले, त्याचा पाया येथे घातला गेला.

अपयश आणि स्वतःहून दिलेला अधिकार

या काँग्रेसची अपयशेही पक्षीय चौकटीत बसत नाहीत. गरीब कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी देणारी निक्सन यांची योजना विल्बर मिल्स यांच्या साह्याने एप्रिल १९७० मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाली. परंतु सिनेटच्या अर्थ समितीत ती अडली. पुराणमतवाद्यांना ती उधळपट्टी वाटली, तर उदारमतवाद्यांना तिची रक्कम अपुरी वाटली. राष्ट्राध्यक्षांची थेट जनमताने निवड करण्याची घटनादुरुस्ती सप्टेंबर १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने मोठ्या बहुमताने स्वीकारली आणि निक्सन यांनीही तिला पाठिंबा दिला. परंतु सप्टेंबर १९७० मध्ये सिनेटमध्ये अखंड भाषणे करून मतदान रोखण्यात आले आणि चर्चा थांबविण्याचे दोन प्रयत्न दोन-तृतीयांश मतांअभावी निष्फळ ठरले. राष्ट्राध्यक्ष व दोन्ही पक्षांतील बहुसंख्य सदस्य अनुकूल असूनही कोंडी होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

याहून बोधप्रद प्रसंग १५ ऑगस्ट १९७० चा आहे. वाढत्या महागाईच्या पार्श्वभूमीवर डेमोक्रॅटिक बहुमताने राष्ट्राध्यक्षांना वेतन, किंमती आणि भाडी गोठविण्याचा व्यापक अधिकार देणारा कायदा संमत केला. निक्सन यांनी हा अधिकार मागितला नव्हता. किंबहुना अशा नियंत्रणांना त्यांचा तात्त्विक विरोध होता. ते हा अधिकार वापरणार नाहीत आणि महागाईचा दोष त्यांच्यावर टाकता येईल, असा विरोधकांचा हिशेब होता. निक्सन यांनीही आपण तो वापरणार नसल्याचे सूचित करीत कायद्यावर स्वाक्षरी केली. बरोबर एक वर्षाने, १५ ऑगस्ट १९७१ रोजी, त्यांनी डॉलरची सोन्यातील परिवर्तनीयता स्थगित करतानाच नव्वद दिवसांसाठी वेतन व किंमती गोठविल्या. राजकीय पेच टाकण्यासाठी दिलेला अधिकार निक्सन यांच्या हातातील प्रभावी साधन बनला आणि १९७२ मध्ये ते प्रचंड बहुमताने पुन्हा निवडून आले.

समारोप

९१व्या काँग्रेसच्या अभ्यासातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, विरोधी बहुमत म्हणजे अपरिहार्य कोंडी हे समीकरण या काळाला लागू पडत नाही. पक्षांच्या अंतर्गत भिन्न प्रवाह असल्याने प्रत्येक प्रश्नावर नवे बहुमत उभे राहू शकले. म्हणूनच हे उदाहरण सार्वकालिक मानता येणार नाही. त्यानंतरच्या दशकांत अमेरिकेतील दोन्ही पक्ष अंतर्गतदृष्ट्या अधिक एकसंध होत गेले, तशी ही लवचीकताही आटत गेली.

दुसरा निष्कर्ष असा की, ज्या ठिकाणी काँग्रेसने आपले घटनादत्त काम स्वतः केले, म्हणजे प्रदूषणाचे निकष कायद्यातच लिहिले, नियुक्त्यांची छाननी केली, मतदानाची नोंद खुली केली, तेथे तिची कामगिरी टिकाऊ ठरली. याउलट ज्या ठिकाणी तिने निर्णयाचा भार राष्ट्राध्यक्षांवर ढकलला, तेथे तिला त्याची किंमत मोजावी लागली. १९६४ चा ठराव मित्रपक्षाच्या राष्ट्राध्यक्षांवरील विश्वासातून झाला होता, तर १९७० चा आर्थिक कायदा विरोधी राष्ट्राध्यक्षांना अडचणीत आणण्याच्या हेतूने झाला होता. हेतू परस्परविरुद्ध होते. परिणाम मात्र एकच झाला.

तिसरा निष्कर्ष असा की, अधिकार सोडणे सोपे आणि परत मिळविणे दीर्घ प्रयत्नांचे काम असते. युद्धविषयक अधिकारांसंबंधीचा ठराव नोव्हेंबर १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार मोडून संमत झाला आणि मंजूर निधी अडवून ठेवण्याच्या प्रथेवर १९७४ च्या कायद्याने बंधन आले. १९६९-७० मधील अपुऱ्या प्रयत्नांचे हे उत्तरार्ध होत. परंतु या मधल्या वर्षांत युद्ध चालूच राहिले आणि सैनिक व नागरिक मरतच राहिले.

डॉ. आंबेडकरांनी स्थैर्य आणि उत्तरदायित्व यांत जो भेद केला, त्याचा या संदर्भात पुनर्विचार करता येतो. निश्चित मुदतीमुळे राष्ट्राध्यक्षाला स्थैर्य आपोआप मिळते. उत्तरदायित्व मात्र घटनेच्या तरतुदीतून आपोआप निर्माण होत नाही. ते विधिमंडळाने प्रत्येक मतदानात नव्याने निर्माण करावे लागते. शासनपद्धती अध्यक्षीय असो वा संसदीय, सभागृहातील सदस्य आपल्या पक्षाचा विचार प्रथम करतात की आपल्या सभागृहाच्या अधिकाराचा, यावरच ते अवलंबून असते.